हनुवटीचा थर

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या करकरीत नोटांतली चूक शोधली.
शाई फुटलीय का, रेघ हललीय का,
चष्म्याची दांडी कानावर नीट बसलीय का.
एका कागदावर तोच चेहरा चाळीस वेळा,
आणि चाळीसही सारखेच हसायला हवेत.
एखादा किंचित वेगळा हसला
की लाल पेन्सिल.

आता मंगळवारी, शुक्रवारी
बिटकोवरून बस धरते, सारडा सर्कलला उतरते.
खाली टायरचं दुकान, जिन्याला रबराचा वास,
वर फिरदोस कोकणीचा क्लास.
पोरं मला मावशी म्हणतात
आणि माझा चार्जर मागून नेतात.

फिरदोस म्हणाला होता, असा फोटो आणा
ज्याचा चेहरा तुम्हाला पाठ आहे.
मी मार्था साळवेचा नेला.
फोटो कसला, जुन्या गेटपासवरचा तुकडा.
नखाएवढं तोंड, आणि हनुवटीवर
ऑफिसचा गोल शिक्का, जांभळा.

"डोळे किलकिले करा, मावशी.
नाक बघू नका, नाकाखालचा अंधार बघा."
जन्मभर भिंगातून बघितलेल्या बाईला
हा मुलगा कमी बघायला शिकवत होता.

केस मी एकेक काढले, अडीच तास.
त्यानं न बोलता तो थर बंद केला,
जाड ब्रश दिला. आधी काळोखाचा गोळा ठेवा,
कणकेचा ठेवता तसा.
बटा शेवटी. त्याही चारच.

कातडीला कातडीचा रंग नसतो, हे तिथंच कळलं.
मार्थाच्या गालात शेवाळी हिरवा घातला,
डोळ्यांखाली वांग्याच्या सालीचा,
कपाळावर कँटीनच्या ट्यूबलाइटचा निळसर चट्टा,
तेव्हा कुठे ती सावळी झाली.

चुकलं की काचेवर दोन बोटं टेकवायची,
चूक आल्या पावली परत जाते.
आमच्याकडे चुकलेल्या कागदाचाही हिशेब द्यावा लागे.

हनुवटीला मात्र अडले.
शिक्का पुसला, तर खाली काहीच नाही.
पांढरट भोक.
रात्री भांडी झाल्यावर टॅब मांडीवर घेऊन
आठवत बसले.
मार्था पेरू खाताना.
मार्था झडतीच्या रांगेत,
बाईचा हात लागण्याआधीच गुदगुल्या होऊन हसणारी.
मार्था, भोंगा व्हायला पाच मिनिटं असताना
हनुवटीनंच घड्याळ दाखवणारी.
हां. तशी. जराशी पुढे आलेली,
आणि डावीकडे तीळ.

तिच्या मुलीला फोन केला, शरणपूरला.
एस्तेर म्हणाली, तीळ? आईला? नव्हता हो.
मग थोडं थांबून, नव्हताच.
मागे कुकरची शिट्टी झाली. तिनं फोन ठेवला.

मी एकतीस वर्षं तिच्या डाव्या हाताला बसले.
एस्तेर तिच्या पोटी जन्मली.
कुणाचं धरायचं?

फिरदोस म्हणाला, तीळ वेगळ्या थरावर काढा.
थराच्या शेजारी एक बारीक डोळा असतो,
तो मिटला की तीळ जातो, उघडला की येतो.
त्याला यात काही विशेष वाटलं नाही,
तो दुसऱ्या पोराच्या भुवया दुरुस्त करायला गेला.

काल एस्तेरला चित्र पाठवलं, डोळा मिटून.
तिनं उत्तरात काही लिहिलं नाही.
संध्याकाळी फक्त एका भिंतीचा फोटो आला,
नवा खिळा मारलेल्या.

माझ्याकडे आहे तिला तीळ आहे.
आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा सूतभर खाली गेलाय,
दोन्हीकडे.
तो एस्तेरला दिसणार नाही. मला दिसतो, रोज दिसतो.
लाल पेन्सिल अजून ड्रॉवरमध्ये आहे,
टोक केलेली.